धुराचा धनी

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या कॉलनीत सकाळी सगळ्यात आधी इलाहीमामांच्या चपला वाजायच्या. एका हातात पाण्याची बादली, खांद्यावर फडकं, आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या पुसत पुसत हा माणूस गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. स्वतःच्या दारातली एकच दोरी नव्हे हो, सगळ्यांच्या!

साखर कारखान्याच्या सावलीत राहणाऱ्याला काजळी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. उसाचा रस काढून उरलेला भुसा बॉयलरमध्ये जाळतात. त्याची काळी भुकटी चिमणीतून उडते आणि सगळीकडे बसते. उघड्या दुधावर बसते, पोरांच्या दप्तरावर बसते, झाकण ठेवूनसुद्धा लोणच्यात जाते. दोरीवर बसली आणि तुम्ही न बघता ओला सदरा टाकलात, की पाठीवर काळी रेघ ठरलेली. ती रेघ पुन्हा धुऊन जात नाही, हात मोडले तरी जात नाही.

मी मूळची कोरेगावची. उद्यानविद्या शिकले आणि पलूसच्या बाजूच्या ह्या कारखान्यात नोकरीला लागले. कॉलनीतल्या पहिल्याच सकाळी दार उघडलं तर एक उंच, हाडकुळा, दाढीला मेंदी लावलेला म्हातारा माझी दोरी हातात धरून उभा. मी मेली घाबरले आणि घाबरले की मी ओरडते.

"कोण हो तुम्ही? काय चाललंय इथं?"

"पुसतुया." म्हातारा माझ्याही वरच्या आवाजात बोलला. जन्मभर बॉयलरजवळ काम करून कान अर्धे गेलेले, त्यामुळे साधं बोलणंही भांडल्यासारखं. "माझी घाण हाय, मीच पुसणार. तुमी आत जावा, च्या घ्या."

शेजारच्या मेजरीणकाकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांचे मालक फौजेतून मेजर होऊन आलेले, म्हणून त्या सगळ्या कॉलनीच्या मेजरीण. त्या म्हणाल्या, "आगं, त्यो आपला इलाही तांबोळी. बॉयलरवर फोरमन हुता. रिटायर झाला तवापास्नं पापं धुतोय. धू दे की, आपली दोरी निगती सवच्छ."

चेष्टा सगळेच करायचे. पण मामांना ती चेष्टा वाटत नव्हती. एसटीत शेजारचा प्रवासी खोकला, तर हे त्याच्याकडे वळून छातीवर हात ठेवून म्हणायचे, "माफ करा बरं का." तो बिचारा गोंधळायचा. मग मामा खिडकीतून लांब दिसणाऱ्या चिमणीकडे बोट करायचे. "माझा हाय त्यो धूर."

एकदा मी चिडून म्हटलं, "आवं मामा, त्या माणसाच्या खिशात बिडीबंडल होतं. त्याचा खोकला तुमच्या अंगावर कशाला घेता?"

"बिडी त्याची. पर धूर माझा."

वेळ बघायला ह्या माणसाला घड्याळ लागायचं नाही. मान वर करून चिमणी बघायची. धूर काळा दिसला की पारा चढायचा. "भुसा वला घातला बग भाड्यांनी," म्हणत कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फोनवरून बॉयलर हाऊसला फोन लावायचे आणि शिफ्टवरच्या माणसाची आई-बहीण काढायचे. तिकडची माणसंही मुरलेली. "मामा, जेवलासा का?" असं विचारून फोन ठेवून द्यायची. रिटायर झालेल्या माणसाचं कोण ऐकतंय.

घरचा धंदा पानांचा. वडील पलूसच्या बाजारात विड्याच्या पानांचा व्यापार करायचे. इलाहीनं गादीवर बसावं अशी त्यांची इच्छा. पण ह्यांना ओल्या फडक्यानं पानं पुसत बसायचं काम बायकी वाटलं. "मला आग पायजे हुती," मामा सांगायचे. "पोरगं हुतो. बॉयलरचं दार उघडलं आन् ती आग बघितली, तवाच ठरवलं. ह्यो माझा धंदा." आणि मग हातातलं ओलं फडकं बघत राहायचे.

मामांची बायको जैतूनमामी. त्यांना दम्याचा विकार. लग्नानंतर काही वर्षांनी सुरू झाला आणि मग वाढतच गेला. मूलबाळ नव्हतं, दोघंच. पण दोघं असून अर्धं वर्ष एकटे. कारण मामी हंगामात कॉलनीत राहूच शकत नव्हत्या.

आमच्याकडे हंगामाआधी बॉयलर पेटवायचा समारंभ असतो. मांडव घालतात, एखादं संचालक जोडपं पूजेला बसतं, नारळ फुटतात आणि पेटता बोळा बॉयलरच्या तोंडात टाकला की पेढे वाटतात. तो बोळा पेटवून त्या जोडप्याच्या हातात द्यायचा मान फोरमनचा, म्हणजे मामांचा. मान घेऊन, पेढ्याचा पुडा घेऊन घरी यायचं, तर उंबऱ्यावर मामींची पिशवी भरलेली. मामी दहिवडीकडं, माण तालुक्यातल्या माहेराला निघालेल्या. माणात पाऊस नाही, पाणी नाही, मेंढ्या आणि माळ. पण हवा कोरडी आणि लख्ख. पाडव्याच्या सुमाराला कारखाना बंद झाला की परत.

"लोकांच्या बायका दिवाळीला माहेरी जात्यात," मामा म्हणायचे, "माझी धुराला जाती. आन् धूर तरी कुणी पेटवायचा? मीच."

हे सांगताना ते हसायचे. ते हसणं ऐकवत नव्हतं.

मग आमचं हरितगृह आलं. धुरात जो कार्बनचा वायू असतो तो झाडांचं खाणं. तेव्हा बॉयलरचा धूर पाण्याच्या फवाऱ्यातून धुवायचा, काजळी काढायची, गार करायचा आणि पाइपातून एका बंदिस्त घरात सोडायचा. आत झाडं लावायची. झाडं तो वायू खाऊन वाढणार, चिमणीतून तेवढा कमी जाणार. कारखान्याला ही कल्पना कुणीतरी दिली, साहेबांना ती आवडली आणि ते घर उभं करायला मला घेतलं. मी आत नागवेल लावायची ठरवली. ती सावलीतली वेल, बंद घरात रमते आणि विड्याच्या पानांना बाजार दाराशी.

पाइप जोडायचं काम चाललं होतं तेव्हा मामा आले. आल्या आल्या जोडणाऱ्या माणसावर खेकसले, मग माझ्यावर.

"मॅडम, हे काय काडलंय? धूर झाडांच्यात सोडताय?"

"धुतलेला, मामा. काजळी पाण्यातच राहते. उरलेला वायू झाडं खातात."

मामा तिथंच पाइपावर टेकले. त्याच्यावर तळवा फिरवून बघितला.

"म्हंजे झाडं माझा धूर खाणार?"

"थोडा."

ते 'थोडा' त्यांनी ऐकलंच नाही. कान गेले होते म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशी जुना खाकी गणवेश कडक इस्त्री करून हजर. गॅस आत सोडायच्या वाल्वपाशी स्टूल ठेवलं आणि त्यावर बसले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणाची उठवायची हिंमतही झाली नाही. पुढं कारखान्यानं त्यांना रीतसर कामावर घेतलं. मी त्यांची साहेब. म्हणजे कागदावर.

झाडांचं त्यांना काही म्हणता काही कळत नव्हतं, तांबोळ्याच्या पोटी जन्माला येऊनसुद्धा. पान पिवळं पडलं तर बॉयलरच्या भाषेत म्हणायचे, "प्रेशर कमी हाय." वेल वर चढेना तर, "ड्राफ्ट मिळंना तिला." गॅस ठरल्यापेक्षा जास्त झाला की टीं-टीं करणारा एक डबा आम्ही भिंतीवर लावला होता. त्याला ते 'सासू' म्हणायचे. "काय बी करा, हिची कुरकुर हायेच." पण बाप पानं आणायला जायचा त्या पानमळ्यातली एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नव्हती. आमच्याकडे पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत. मालक असो, गडी असो, पायताण बाहेर.

एकदा एमडी साहेब पुण्याहून पाहुणे घेऊन आले. टाय, बूट, अत्तराचा वास. मामा दारात आडवे.

"पायताण भाईर."

"अहो इलाही, ही प्रयोगशाळा आहे," साहेब म्हणाले.

"पानमळा हाय. माझ्या बापानं कवा पायताण घालून पाय ठिवला न्हाई, आन् तुमी बूट घालून जाताय?"

मी मागून डोळे वटारत होते, पण छे! शेवटी साहेबांनी बूट काढले. मोज्याला भोक आणि त्यातून अंगठा बाहेर. पाहुण्यांनी छताकडं बघायला सुरुवात केली. मामांनी मात्र अंगठा बघून जीभ चावली आणि सगळ्यात मोठं पान तोडून साहेबांच्या हातात दिलं. "खावा. धुराचं हाय, पर ग्वाड हाय." पाहुणे इतके खूश झाले की आठवड्याभरात दारावर मोठी पाटी आली. 'येथे धुराची शुद्ध हवा होते.'

मामांनी ती पाटी मोठ्यानं वाचली. पुन्हा वाचली. डोळे भरून आले त्यांचे. त्या दिवसापासून दोऱ्या झाल्या की ते पाटीही पुसायला लागले.

एक दिवस त्यांनी विचारलंच. "किती खात्यात हो धूर ही झाडं?"

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "चिमणीतून दिवसभर जातो त्यातला चिमूटभर, मामा. बाकी सगळा जायचा तिथंच जातो."

"मग पाटी कशापायी लावली?"

"पाटी साहेबांनी लावलीय."

"तुमी शिकल्यासवरल्या हायसा. खोटी असंल तर काडा की."

मी काय काढणार? पाटी पाहुण्यांसाठी होती, माझी नोकरी पाहुण्यांमुळे होती. मी वेलींकडं तोंड फिरवलं. मामा रुसले. सरळ रुसले! दोन-चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, 'सासू'शी बोलायचे. मग एका सकाळी येऊन म्हणाले, "चिमूटभर तर चिमूटभर. त्यास्नी भूक लावाय पायजे. जास्त वाडलं की जास्त खातील."

"तसं नसतं हो. ऊन असेल तेवढंच जेवतात त्या. जास्तीचा वायू नुसता घरात साठून राहतो."

"पोरी," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला मॅडम म्हणाले नाहीत, "माणसं वाडल्यावरच दोन घास जास्त खात्यात. मला ठावं हाय." मी वाल्वला खूण करून ठेवली, ह्याच्या पुढं फिरवायचा नाही म्हणून. ते खुणेपर्यंतच फिरवायचे, पण बोट वाल्ववर रेंगाळायचं.

त्याच वर्षी मामींचं माणातलं घर बंद झालं. भाऊ वारला, भाचे मुंबईला. घराला कुलूप. इकडं बॉयलर पेटायची वेळ आली आणि मामींची पिशवी उंबऱ्यावर आलीच नाही.

मामींचा स्वभाव मामांच्या अगदी उलट. हळू बोलणं, बारीक हसणं, आणि त्या हसण्यात तिखट एवढं की बास. दाराखिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबून त्या आत बसायच्या. मी भेटायला गेले तर धापा टाकत म्हणाल्या, "धूर ह्येंचा, दम माझा. संसार म्हंजे आनि काय असतंय गं?"

मामा शेजारी बसलेले. मान खाली. नंतर मला बाहेर सोडायला आले आणि दारात थांबून म्हणाले, "एकांदा हंगाम तरी तिनं हितं काडावा असं लय वाटायचं मला. सकाळी च्या करून द्यावा, संध्याकाळी फाटकापत्तूर फिरवून आणावी. आता ऱ्हायली तर ही अशी. कोंडल्यागत." मग मान वळवून हरितगृहाच्या दिशेनं बघत राहिले. तेव्हाच त्यांच्या डोक्यात आलं असणार.

त्या सकाळी धुकं होतं. थंडी मी म्हणत होती आणि उन्हाचा पत्ता नव्हता. मी नेहमीच्या वेळेला हरितगृहावर आले तर दाराबाहेर चपलांचे दोन जोड. एक मामांचा, मोठा. दुसरा बायकी, अंगठा शिवलेला.

दार ढकललं. आतली हवा जड, दमट. वेलींच्या मांडवाखाली वेताच्या खुर्चीवर मामी शाल पांघरून बसलेल्या, मान एका खांद्यावर. मांडीवर पान, त्यावर सुपारीचे दोन तुकडे. मामा खुर्चीमागं अनवाणी उभे, पुठ्ठ्यानं वारा घालत होते. मला बघून ओठांवर बोट ठेवलं.

"गप. झोपलीया."

त्या माणसाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर बघितला नाही.

"किती दिसांनी झोपलीया बगा. दम न्हाई, खोकला न्हाई. मला म्हणली, हितं लय गार वाटतंय जी. आन् लागला की डोळा."

माझं डोकं जड व्हायला लागलं होतं. मी भिंतीकडं बघितलं. डबा गप्प. त्याची वायर काढून नीट गुंडाळून ठेवलेली.

"सासू सकाळधरनं वरडत हुती," मामा कुजबुजले. म्हणजे त्यांच्या मानानं कुजबुजले. "म्हणलं, जैतून उठंल."

मी वाल्वकडं बघितलं. माझ्या खुणेच्या किती पुढं फिरवलेला होता, काय सांगू! मी किंचाळले. "मामा, खुर्ची उचला! बाहेर काढा त्यांना, झोप नाहीये ही!" त्यांना काही उमगेना, गॅसनं तेही सुन्न झालेले. मी वाल्व बंद केला, खुर्चीचा एक हात धरला आणि ओढायला लागले, तेव्हा कुठं ते हलले. दोघांनी खुर्चीसकट मामींना बाहेर आणलं. बाहेरच्या उजेडात मामींचे ओठ निळे दिसले. मामांनी ते बघितलं.

"जैतून. ए जैतून. उठ गे."

मामी उठल्या नाहीत. माझा आवाज ऐकून मेजरीणकाकू धावत आल्या, त्यांनी मेजरकाकांना हाक मारली, काकांनी जीप काढली. मिरजेच्या दवाखान्यापर्यंत मामा मागच्या सीटवर मामींचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. पायात चपला नव्हत्या. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "ती झोपली नव्हती व्हय?"

"नाही, मामा."

"मी वारा घालत हुतो."

मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

"आज ती यायची म्हणून जास्त सोडला वाल्व. म्हणलं, झाडं जास्त खातील तर शुद्ध हवा बी जास्त सोडतील. तिच्यासाटनं." त्यांनी दोन्ही तळवे समोर धरले आणि बघत राहिले. "हात तर माझेच हायत की गं, पोरी. जन्मभर धूर पाजला तिला. थोडाथोडा पाजला, तरी मरंना झाली, म्हणून खोलीत कोंडून पाजला. आसं झालं की न्हाई?"

मला रडू आवरेना. मी म्हटलं, तसं नाही हो मामा, तुम्हाला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "तुमी सांगितलं हुतं. साठून ऱ्हातो म्हणून. मी पाटी बगितली."

मामी वाचल्या. संध्याकाळी डोळे उघडले आणि नाकावरची नळी बाजूला करून पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "पानाला चुना लावायचा ऱ्हायला." डॉक्टर हसले, मेजरकाका हसले. मामा उठून कॉरिडॉरच्या टोकाला गेले आणि भिंतीला कपाळ टेकवून उभे राहिले.

पुढं मामी त्यांना समजवायच्या. "मला लय ग्वाड झोप लागली हुती जी. तुमी उगंच जिवाला लावून घेताय." त्यांचा हेतू चांगला. पण प्रत्येक वेळी ते ऐकताना मामांचं तोंड असं व्हायचं, की मामींनी त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिव्या त्यांना कुणीच दिल्या नाहीत, हीच तर गंमत. मामा इस्त्रीचा गणवेश घालून एमडी साहेबांच्या समोर जाऊन उभे राहिले. मी बरोबर होते.

"माझ्यावर कारवाई करा, साहेब. वाल्व मी फिरवला. डबा मी बंद केला."

साहेब खुर्चीतून उठले, मामांना बसवलं, चहा मागवला. "अहो मामा, झालं गेलं. घरातलाच मामला आहे. कशाला बाहेर चर्चा? मामी बऱ्या आहेत ना?"

"शिक्षा द्या मला."

"कसली शिक्षा? तुम्ही आमच्या कारखान्याचं वैभव आहात. चहा घ्या."

मामांनी चहा घेतला नाही. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर थांबले आणि वर चिमणीकडं बघत म्हणाले, "कुणी घेतच न्हाई गं हे माझ्याकडनं." मग खाली उतरले. हरितगृहात त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. दारासमोरून जाताना सुद्धा पलीकडच्या कडेनं जायचे. पाटी पुसायचीही सोडली. ती पाटी अजून आहे. मी रोज तिच्याखालून आत जाते. डब्याला आता कुलूपबंद जाळी बसवली आहे, वाल्वलाही. वेली जोमात आहेत, पाहुणे येतात, पानं खातात, खूश होतात. मी हसून माहिती देते आणि घरी आल्यावर तोंड धुते.

पुढच्या हंगामात बॉयलर पेटवायच्या आदल्या दिवशी मामांनी सगळ्या गल्लीच्या दोऱ्या पुसल्या. अजून काजळी पडायची होती, तरी पुसल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं, मानाचा बोळा तुम्हीच द्या म्हणून. तेव्हा घराला कुलूप. मामा आणि मामी दोघंही दहिवडीच्या गाडीत बसले होते. भाच्यांकडून त्या बंद घराची किल्ली मामांनी मागून घेतली होती. जन्मात पहिल्यांदा बॉयलर पेटला आणि इलाही तांबोळी तिथं नव्हता. मेजरीणकाकूंच्या दोरीवरच्या सदऱ्यावर पहिला डाग त्याच आठवड्यात पडला. त्या हसल्या नाहीत. "आता आपली दोरी आपणच पुसाय पायजे," एवढंच म्हणाल्या.

ह्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. माळावरचं दगडी घर, समोर बोरीचं झाड, लांबवर मेंढ्या. कुठं धूर नाही, धुरळासुद्धा नाही. मामी अंगणात उन्हात बसलेल्या, गालावर थोडा रंग आलेला. मी हरितगृहातली पानं नेली होती, ओल्या फडक्यात बांधून. नेऊ की नको असं दहा वेळा झालं होतं मनात. मामींनी आनंदानं घेतली, एक पुसून चुना लावला, तोंडात टाकलं. मामांच्या हातात एक दिलं. ते त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं, वास घेतला आणि अलगद परत फडक्यात ठेवलं.

"बॉयलर पेटला?" त्यांनी विचारलं.

"पेटला, मामा."

"धूर कसा हाय औंदा?"

खोटं बोलायचं फार मनात आलं. पण ह्या माणसाशी जमत नाही. "काळाच आहे."

मामांनी मान हलवली. मग तोंड वर करून वारा बघितला, गालावर घेतला. "वारं तिकडनंच हाय आज," म्हणाले आणि उठले. आत जाऊन बादली आणली, फडकं आणलं. बोरीपासून खांबापर्यंत मामींची कपड्यांची दोरी बांधलेली होती. ते ती पुसायला लागले.

"बस करो जी," मामी म्हणाल्या. "हितं कुटली आलीया काजळी?"

मामा दोरीच्या टोकाला पोचले. फडकं उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं. पांढरं होतं. त्यांनी ते बादलीत बुडवलं, पिळलं आणि परत पहिल्या टोकापासून पुसायला सुरुवात केली.